सक्तीचा बाप्तिस्मा आणि दशमांश : सॅक्सनीचे प्रकरण (इ.स. ७७२ ते ८०४)

व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या हस्तलिखितात बाप्तिस्म्याच्या वेळी विचारायचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहिलेली आहेत. चर्चची भाषा लॅटिन, पण ही प्रश्नोत्तरे मात्र उत्तर जर्मनीतल्या खेडुताला समजावीत अशा बोलीत आहेत. सैतानाला सोडतोस? सोडतो. सैतानाला द्यायचे बळी सोडतोस? सोडतो. सैतानाची कृत्ये सोडतोस? इथे मात्र एका शब्दावर भागत नाही. सैतानाची सगळी कृत्ये आणि शब्द, थुनाएर, वोडेन, साक्सनोट आणि त्यांच्या संगतीतली सगळी भुते मी सोडतो, असे नावे घेऊन म्हणावे लागते. थुनाएर हा मेघगर्जनेचा देव. साक्सनोट तर सॅक्सन लोकांचा खास आपला. इंग्लंडमध्ये जाऊन वसलेल्या सॅक्सनांपैकी एसेक्सचे राजे आपली वंशावळ थेट त्याच्यापर्यंत नेत. म्हणजे बाप्तिस्मा घेणाऱ्याला आपल्या मूळपुरुषाचे नाव स्वतःच्या तोंडाने भुतांच्या यादीत घालावे लागत होते.

धर्मांतर म्हटले की आपण 'सक्तीने' आणि 'स्वखुशीने' असे दोन कप्पे करतो आणि विषय मिटवतो. सॅक्सनीत सक्ती झाली, याबद्दल वाद नाही. मला छळणारा प्रश्न त्यापुढचा आहे. युरोपातली सर्वांत बलाढ्य फौज हाताशी असताना फ्रँकांचा (म्हणजे आजच्या फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीतल्या राज्याचा) राजा शार्लमेन याला हे काम पुरे करायला तेहतीस वर्षे का लागली? कागदपत्रे वाचून माझे मत असे झाले आहे की बाप्तिस्मा, राजनिष्ठेची शपथ आणि कर या तिन्हींची एकच गाठ मारली गेली होती. ती गाठ जोवर सैल झाली नाही, तोवर सॅक्सनांच्या लेखी नवा धर्म म्हणजे परक्या राजाची वसुली होती.

राजा नसलेला मुलूख

हे सॅक्सन म्हणजे आजच्या जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यातले, ड्रेस्डेनच्या आसपासचे लोक नव्हेत. त्यांचा मुलूख ऱ्हाइनच्या पूर्वेपासून एल्ब नदीपर्यंत आणि थोडा तिच्या पलीकडेही, म्हणजे आजचे वेस्टफालिया आणि लोअर सॅक्सनी. वेस्टफाली, एंगर्न आणि ओस्टफाली असे तीन मोठे गट, आणि एल्बपलीकडचे लोक वेगळे. समाजात तीन थर होते: एडेलिंग म्हणजे सरदार, फ्रिलिंग म्हणजे स्वतंत्र शेतकरी, आणि लाझी म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीला बांधलेले अर्धस्वतंत्र कूळ. लेबुइन नावाच्या धर्मप्रचारकाच्या जुन्या चरित्रात अशी हकीकत आहे की वेझर नदीकाठी मार्कलो येथे दरवर्षी सभा भरे आणि प्रत्येक परगण्यातून प्रत्येक थराचे बारा-बारा प्रतिनिधी येत. युद्ध करायचे की नाही, कायदा काय, याचा निर्णय तिथे होई. राजा मात्र कुणीच नव्हता.

या राजा नसण्यातच पुढच्या निम्म्या रक्तपाताचे मूळ आहे. त्या काळात युरोपात धर्मांतराची रुळलेली वाट वरून खाली जाणारी होती. फ्रँकांचा जुना राजा क्लोविस याने बाप्तिस्मा घेतला आणि फ्रँक हळूहळू त्याच्यामागे गेले. केंटचा राजा एथेलबर्ट याने घेतला आणि इंग्लंडमध्ये चर्चला पाय रोवायला जागा मिळाली. राजाची राणी आधीच ख्रिस्ती असायची, बिशप दरबारात बसायचा, आणि एक माणूस वळला की देश वळला असे धरता यायचे. सॅक्सनीत वळवायला असा एक माणूसच नव्हता. एका सरदाराने तह केला तर तो त्याच्यापुरता. फ्रँकांच्या नोंदींत मग दर दोन-तीन वर्षांनी 'सॅक्सनांनी शब्द मोडला' असे येत राहते. कुणाचा शब्द कुणी मोडला, हे त्या नोंदी सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ७५८ साली शार्लमेनचा बाप पिपिन याने सॅक्सनांना हरवले तेव्हा मागितले ते दरसालचे ३०० घोडे. धर्माची अट घातली नव्हती. दोन्ही बाजूंचे लोक सरहद्दीवर एकमेकांची गुरे पळवत होते, घरे जाळत होते. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड हेच युद्धाचे कारण म्हणून सांगतो. बहुतेक सरहद्द सपाट शेतांतून गेलेली, मधे डोंगर ना मोठे रान, मग रोजची कुरापत.

खांब पडला

७७२ साली शार्लमेन एरेसबुर्गचा किल्ला घेऊन पुढे गेला आणि त्याने इर्मिनसुल पाडला. इर्मिनसुल म्हणजे उघड्यावर उभा केलेला प्रचंड लाकडी खांब. सगळ्या विश्वाला तोलून धरणारा, अशी त्याच्याबद्दलची भावना फुल्डाच्या एका भिक्षूने पुढे नोंदवली आहे. तिथले सोने-चांदी फ्रँकांनी उचलले. पाडापाडीला तीन दिवस लागले, पाणी आटले होते, आणि मग अचानक कोरड्या ओढ्याला पाणी आले, असे राजाच्या इतिवृत्तात लिहिले आहे. लिहिणाऱ्याला तो देवाचा कौल वाटला. दोनच वर्षांत, शार्लमेन इटलीत लोंबार्डांशी लढत असताना, सॅक्सनांनी हेसमध्ये घुसून फ्रिट्झलारचे चर्च जाळायचा प्रयत्न केला. देवस्थानाला देवस्थानाने उत्तर.

७७५च्या सुरुवातीला राजाचा निश्चय बदलला. इतिवृत्ताच्या सुधारित प्रतीत तो स्पष्ट शब्दांत आहे: सॅक्सन हरून ख्रिस्ती होईपर्यंत किंवा पुरते नाहीसे होईपर्यंत युद्ध थांबवायचे नाही. ७५८च्या घोड्यांपासून इथवरचे हे अंतर फार मोठे आहे. खंडणी देणारा शेजारी राहण्याचा पर्याय आता उरला नाही.

७७७ साली त्याने सॅक्सनांच्या भूमीवरच, पाडरबोर्नला, मोठी सभा भरवली. झुंडीच्या झुंडी बाप्तिस्म्याला आणल्या गेल्या. त्याच वेळी एक करार झाला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या करारात आहे. ख्रिस्ती धर्म किंवा राजाशी असलेली निष्ठा सोडली तर आपले स्वातंत्र्य आणि आपली मालमत्ता जप्त व्हावी, असे सॅक्सनांनी लिहून दिले. श्रद्धेला जमीन गहाण पडली. एक जण मात्र त्या सभेला आला नाही. वेस्टफाली सरदार विडुकिंड उत्तरेला डेन लोकांकडे निघून गेला. पुढच्याच वर्षी शार्लमेन स्पेनच्या मोहिमेत अडकला, आणि सॅक्सन जाळपोळ करत कोलोनसमोर ऱ्हाइनच्या काठापर्यंत आले.

७८२

७८२च्या उन्हाळ्यात लिप्पे नदीच्या उगमाजवळ सभा झाली. सॅक्सनीत काउंट म्हणजे राजाचे प्रांताधिकारी नेमले गेले, काही सॅक्सन सरदारांमधूनच. मुलूख शांत झाला असे समजून राजा परतला. पण विडुकिंड डेन्मार्कहून आला आणि लोक उठले. ब्रेमेनच्या बाजूला विलेहाड नावाचा इंग्रज धर्मप्रचारक काम करत होता. तो कसाबसा निसटला, त्याचे सहकारी मारले गेले. झ्युन्टेलच्या डोंगराजवळ फ्रँकांची एक तुकडी श्रेयाच्या घाईत नीट रांग न धरता चालून गेली आणि कापली गेली. राजाचे दोन दूत, चार काउंट आणि वीसेक सरदार पडले.

त्यानंतर शार्लमेन स्वतः आला. आल्लर नदीवर फेर्डेन येथे सॅक्सन सरदारांना बोलावले. त्यांनी सगळा दोष विडुकिंडवर ढकलला, पण तो पुन्हा उत्तरेला पळाला होता. मग उठावात सामील झालेल्यांना या सरदारांनीच हवाली केले. इतिवृत्त म्हणते, ४५०० माणसांची डोकी एका दिवसात उडवली. हा आकडा खरा की फुगवलेला, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. माझे लक्ष दोन गोष्टींकडे जाते. आकडा शत्रूने लिहिलेला नाही. राजाच्या बाजूच्या लेखकाने तो न लपवता, राजाचे सामर्थ्य म्हणून लिहिला आहे. आणि माणसे पकडून दिली ती त्यांच्याच सरदारांनी. सॅक्सन समाज वरपासून खालपर्यंत उभा चिरला गेला होता, हे फेर्डेनला दिसले, आणि ती चीर पुढची साठ वर्षे बुजली नाही.

(१९३५ साली नाझींनी फेर्डेनला ४५०० दगड उभे करून स्मारक केले आणि या मृतांना आपल्या ख्रिस्तीविरोधी प्रचारात ओढले. ज्यांनी स्वतः पुढे लाखोंची कत्तल केली, त्यांनी या मृतांच्या नावाने गळा काढावा, हे वाचताना आजही संताप येतो. दगड अजून आहेत. ती जागा आज प्रोटेस्टंट चर्चच्या युवककार्यासाठी वापरली जाते.)

कायद्याची कलमे

शार्लमेनने सॅक्सनीसाठी काढलेला ३४ कलमांचा कायदा बहुतेक अभ्यासक ७८२ ते ७८५च्या दरम्यानचा मानतात. तो सावकाश वाचावा असा आहे.

चर्च फोडले, बिशप किंवा पुरोहित मारला, तर मृत्युदंड. इथवर त्या काळाच्या मानाने आश्चर्य नाही. पण लेंटच्या उपासाच्या काळात ख्रिस्ती धर्माचा अवमान म्हणून मांस खाल्ले तरी मृत्युदंड; माणसाने गरजेपोटी खाल्ले का, एवढे पुरोहिताने पाहावे, ही सवलत. बाप्तिस्मा न घेता लपून राहिला, तर मृत्युदंड. राजाशी बेइमानी केली, तर मृत्युदंड. आणि जुन्या रीतीप्रमाणे प्रेत जाळून अस्थींची राख केली, तरी मृत्युदंड. दहनसंस्कार हा ज्यांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे, त्या मराठी वाचकाला या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. बापाला अग्नी दिला म्हणून मुलाची मान जाणार होती. मृतांना पूर्वजांच्या टेकाडांत ठेवायचे नाही, चर्चच्या दफनभूमीत आणायचे, असे पुढचे एक कलम सांगते.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्याच कायद्यात एखाद्या बाईला किंवा पुरुषाला चेटूक करणारा समजून जाळणाऱ्याला मृत्युदंड आहे, नरबळी देणाऱ्यालाही आहे. आणि एक पळवाट आहे: गुन्हा लपून केला असेल आणि माणूस आपण होऊन पुरोहितापाशी कबूल झाला, तर पुरोहिताच्या साक्षीवर जीव वाचेल. म्हणजे मारण्याचा हक्क राजाचा आणि वाचवण्याचा पुरोहिताचा. गावातल्या माणसाला पुरोहिताच्या दारात आणून उभे करायची याहून पक्की व्यवस्था सुचणे कठीण.

झरे, झाडे आणि देवराया यांच्यापुढे नवस बोलल्यास मात्र दंड पैशाचा: सरदाराला ६० सॉलिडस (त्या काळचे चलन), स्वतंत्र माणसाला ३०, लाझीला १५. मुलाला वर्षाच्या आत बाप्तिस्मा दिला नाही तर अनुक्रमे १२०, ६० आणि ३०. वरवर हे प्रमाणशीर दिसते. पण ७९७च्या कायद्यात एका सॉलिडसची किंमत एक वर्षाचे वासरू अशी धरली आहे. त्या दराने लाझीचा ३० सॉलिडस दंड म्हणजे तीस वासरे. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या माणसाकडे तीस वासरे कुठली?

आणि मग दशमांश. प्रत्येकाने, सरदार असो की लाझी, आपल्या मिळकतीचा आणि श्रमाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. शिवाय प्रत्येक चर्चसाठी गावकऱ्यांनी एक वाडा आणि दोन कुटुंबांची शेती तोडून द्यायची, आणि दर १२० माणसांमागे एक गडी आणि एक मोलकरीण. सरदेशमुखीचा दहावा हिस्सा आपल्याकडच्या रयतेने अनुभवला आहे. इथे फरक हा की ज्या देवासाठी तो घेतला जात होता, तो देव देणाऱ्याने कालपर्यंत ऐकलाही नव्हता. दशमांश एकट्या सॅक्सनांवर लादला होता असे नाही. ७७९पासून तो शार्लमेनच्या सगळ्या राज्यात सक्तीचा होता. पण फ्रँक शेतकऱ्याच्या आजा-पणजाला त्या चर्चने पुरले होते. सॅक्सन शेतकऱ्याच्या आजाला पूर्वजांच्या टेकाडात पुरायची बंदी आणि जाळायचीही बंदी त्याच चर्चसाठी आली होती.

शेवटचे, चौतिसावे कलम छोटे आहे. राजाच्या दूताने बोलावल्याखेरीज सॅक्सनांनी जाहीर सभा भरवायची नाही. मार्कलोची परंपरा त्या ओळीत संपली.

आल्क्विन काय म्हणाला

विडुकिंडने ७८५ साली अतिन्यी येथे बाप्तिस्मा घेतला. शार्लमेन स्वतः त्याचा धर्मपिता झाला आणि त्याने भेटी दिल्या. पोप हेड्रियनने तीन दिवस आभाराच्या प्रार्थना ठरवल्या. सगळ्यांना वाटले, संपले. सातच वर्षांत, ७९२ साली, पुन्हा उठाव झाला: चर्च जळली, पुरोहित मारले गेले, लोक जुन्या देवांकडे गेले. या वेळी विडुकिंड त्यात नव्हता. एका नेत्याच्या हट्टामुळे हे सगळे घडते, हे फ्रँकांचे आवडते स्पष्टीकरण तिथे खोटे ठरले.

हे नीट ओळखणारा माणूस दरबारातच होता. यॉर्कचा आल्क्विन, शार्लमेनचा शिक्षक आणि सल्लागार. ७९६ साली फ्रँकांनी डॅन्यूबकाठच्या आव्हार लोकांना जिंकले, आणि तिथेही सॅक्सनीची पुनरावृत्ती होईल या भीतीने आल्क्विनने पत्रांमागून पत्रे लिहिली. राजाला त्याने लिहिले की जन्मापासून ख्रिस्ती धर्मात वाढलेले आपणसुद्धा सगळ्या मिळकतीचा दशमांश द्यायला नाखूश असतो, मग कोवळ्या श्रद्धेच्या माणसाकडून तो का मागायचा? श्रद्धा गमावण्यापेक्षा दशमांश गमावलेला बरा. राजाचा अधिकारी मेगिनफ्रिड याला लिहिले की ख्रिस्ताचे हलके जू जेवढ्या चिकाटीने उपदेशायला हवे होते, तेवढ्या चिकाटीने दशमांश आणि बारीकसारीक चुकांचा दंड उकळला गेला. तसे झाले नसते तर सॅक्सनांना बाप्तिस्म्याची घृणा आली नसती. आणि साल्झबुर्गचा बिशप आर्न याला: तू भक्तीचा उपदेशक हो, दशमांशाचा वसुलीदार होऊ नकोस. संत ऑगस्टीनचा आधार घेऊन तो म्हणतो की श्रद्धा ही इच्छेची बाब आहे. माणसाला तिच्याकडे ओढता येते, ढकलता येत नाही.

आल्क्विनला आजच्या अर्थाने धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता ठरवायचा मोह होतो. तो मी टाळतो. जुने देव राहू द्यावेत असे तो कुठेही म्हणत नाही; जिंकण्यालाही त्याचा विरोध नाही. त्याचे भांडण क्रमाशी आहे. आधी शिकवा, मग बाप्तिस्मा द्या, वसुली अगदी शेवटी. पण सर्वशक्तिमान राजाला, त्याच्या विजयाच्या वर्षी, 'तुझ्या करामुळे श्रद्धा बुडाली' असे लिहिणे सोपे नव्हते, आणि या प्रकरणात मला मनापासून आदर वाटतो तो याच माणसाबद्दल.

त्याच्या पत्रांचा परिणाम किती, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. पण दिशा बदलली. २८ ऑक्टोबर ७९७ रोजी आखेनला निघालेल्या नव्या कायद्यात तिन्ही गटांच्या सॅक्सनांची संमती नोंदलेली आहे. ज्या गुन्ह्यांना फ्रँक माणूस ६० सॉलिडस भरतो, त्यांना सॅक्सननेही तेवढेच भरायचे. मृत्युदंडाच्या माणसाला कुटुंबासह दुसऱ्या प्रांतात हलवून जीवदान देण्याची मुभा राजाने ठेवली. दंड वासरे, ओट, राय आणि मधात भरायचे दर लिहून दिले. दशमांश मात्र कायम राहिला.

आणि माणसे हलवण्याची ती मुभा एकट्यादुकट्या गुन्हेगारापुरती राहिली नाही. ८०४ साली एल्बपलीकडच्या सॅक्सनांना बायकामुलांसह उचलून फ्रँकांच्या मुलखात विखुरले आणि त्यांची जमीन अबोद्रित या स्लाव मित्रांना दिली. आइनहार्डने एल्बच्या दोन्ही काठांवरच्या एकूण १०,००० माणसांचा आकडा दिला आहे, बायकामुले वेगळी.

रुजले कुणात

सरदारांचे सूत लवकर जुळले. ओलीस म्हणून नेलेला सॅक्सन सरदाराचा मुलगा हाथुमार व्युर्झबुर्गला शिकला आणि पाडरबोर्नचा पहिला बिशप होऊन परतला. ८२२ साली वेझरकाठी कोर्वायचा मठ उभा राहिला, आणि मोठ्या घरांनी मुले आणि जमिनी तिथे दिल्या. ८३०च्या सुमारास कुणी अनामिक कवीने ख्रिस्ताचे चरित्र सॅक्सन भाषेत, जुन्या वीरगाथांच्या अनुप्रासात, सुमारे ६,००० ओळींत रचले. 'हेलियांड' म्हणजे तारणहार. त्यात ख्रिस्त सरदार आहे आणि शिष्य त्याचे शपथबद्ध साथीदार. ख्रिस्ताला पकडायला लोक येतात तेव्हा पीटर तलवार उपसतो, हा मूळ शुभवर्तमानातला एका ओळीचा प्रसंग कवी थांबून, रंगून सांगतो: संतापाने फुललेला योद्धा, तलवारीचा घाव, तुटलेला कान, रक्त पाहून मागे सरणारी माणसे. त्यानंतर ख्रिस्त त्याला तलवार म्यान करायला लावतो. ज्यांच्या आजोबांनी फेर्डेन पाहिले होते, त्या श्रोत्यांनी ते ऐकताना काय अनुभवले असेल, याचा विचार मनातून जात नाही. चौतीस कलमांनी जे केले नाही ते त्यांच्या स्वतःच्या भाषेने केले, असे मला वाटते.

पण सरदाराच्या ओसरीपलीकडे? ८४१ साली शार्लमेनचे नातू आपसांत लढत होते. थोरला लोथार अडचणीत आला तेव्हा त्याने सॅक्सनीच्या फ्रिलिंग आणि लाझींना निरोप पाठवला: माझ्या बाजूने या, तुमचे पूर्वज मूर्ती पूजत असताना जो कायदा पाळत, तो तुम्हाला परत देतो. हे आपल्याला निठार्ड सांगतो, जो स्वतः शार्लमेनचा नातू होता. लोक उठले, स्वतःला स्टेलिंगा म्हणवू लागले, आणि त्यांनी धन्यांना हाकलले. बाप्तिस्म्याला दोन पिढ्या झाल्या होत्या, आणि तरी खालच्या थराला हवे असलेले सगळे अजून त्या जुन्या शब्दांत मावत होते: सभा, आपला कायदा, दशमांश नसलेले शेत. ८४२ साली लोथारचा भाऊ लुडविग याने उठाव मोडला. १४० जणांची मुंडकी उडवली, १४ जणांना फासावर दिले, असंख्यांचे हातपाय तोडले. त्याच्या बाजूला आता सॅक्सन सरदार होते.

पुढे ८५०च्या सुमारास वाल्टबर्ट नावाचा एक सॅक्सन काउंट रोमला निघाला. पोपकडून एखाद्या संताच्या अस्थी मिळाव्यात म्हणून त्याच्याजवळ सम्राटाची शिफारसपत्रे होती, आणि तो सम्राट म्हणजे तोच लोथार. वाल्टबर्टने संत अलेक्झांडरच्या अस्थी आल्प्स ओलांडून विल्डेसहाउझेनला आपल्या घराण्याच्या जमिनीवर आणल्या आणि तिथे धर्मसंस्थान उभारले. तो विडुकिंडचा नातू होता.